चैन आणि शान

"सर, तुम्ही डाउनग्रेड केलंत!"

आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी मित्र स्टाफरूममध्ये हे वाक्य ज्या स्वरात बोलले, त्या स्वरात एरवी आपण कोणाची नोकरी गेल्याची बातमी एकमेकांना सांगतो. घडले होते एवढेच, की चार वर्षे वापरलेली जर्मन बनावटीची एक आलिशान एसयूव्ही मी नोव्हेंबर २०२५ मध्ये विकली आणि तिच्या जागी अडीच वर्षे वापरलेली टाटा पंच घेतली. मित्र मराठीचेच प्राध्यापक आहेत, आणि इंग्रजी शब्दांच्या अतिक्रमणावर वर्गात ते तावातावाने बोलतात. तेव्हा मराठी शब्द सापडला नाही म्हणून त्यांनी 'डाउनग्रेड' म्हटले असे नव्हे. पाच मिनिटांनी चहा आल्यावर त्यांनी तेच मराठीतही सांगितले : "एकदा वर बसलेला माणूस असा खाली येत नाही, सर."

प्रस्तुत लेख या वाक्याच्या विरुद्ध आहे. मित्राच्या विरुद्ध नाही, कारण चार वर्षांपूर्वी हेच वाक्य मी स्वतः, थोड्या सभ्य शब्दांत, माझ्या पत्नीला ऐकवले होते.

ललित आणि समीक्षेच्या या जागी मोटारींचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना रोलाँ बार्थची आठवण करून देतो. 'मिथॉलॉजीज' (१९५७) या त्याच्या पुस्तकात सिट्रोएनच्या तेव्हाच्या नव्या गाडीवर एक स्वतंत्र टिपण आहे, आणि त्यात त्याने मोटारगाडीची तुलना मध्ययुगीन गॉथिक कॅथीड्रलशी केली आहे. एम.ए.च्या वर्गात आपण चिन्हमीमांसा शिकवतो, जाहिरातीतील चिन्हक आणि चिन्हित फळ्यावर वेगळे काढून दाखवतो, आणि तास संपवून वाहनतळावर आलो की त्याच चिन्हासमोर हात जोडून उभे राहतो. वर्गातली विद्या पन्नास पावलेसुद्धा टिकत नाही, हा खरा साहित्याचाच प्रश्न आहे.

तर आधी शब्द. 'लक्झरी'साठी मराठीत तीन शब्द सहज येतात : आलिशान, ऐष आणि चैन. तिन्ही आपण एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांची कुळे वेगळी आहेत. 'आलिशान' फारसीतून आला. त्यातला 'आली' म्हणजे उंच, 'शान' म्हणजे मान, दर्जा. त्या शब्दात आरामाचा, सुखाचा लवलेशही नाही. आहे ती केवळ उंची. 'ऐष' अरबीतून आला, आणि तेथे त्याचा मूळ अर्थ जगणे असा आहे. इजिप्तच्या बोलीत तर भाकरीलाच 'ऐश' म्हणतात. आणि 'चैन' म्हणजे मुळात स्वस्थता. "चैन करतो" यातली चैन आपण उधळपट्टीकडे ढकलून दिली, परंतु "जिवाला चैन पडत नाही" यात जुना अर्थ अजून जिवंत आहे. जाहिरातदार आपल्याला चैन विकतो असे म्हणतो. आपण विकत घेतो ती शान. आणि घरी आणल्यावर कळते की चैनच गेली. आलिशान जुन्या एसयूव्हीची सगळी कहाणी या वाक्यात आली. पुढचा सारा तपशील आहे, पण तो तपशील मला पंधरा लाखांना पडला असल्यामुळे तो सांगण्याचा मला अधिकार आहे.

मराठवाड्यात या उंचीला एक इतिहास आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत तेथील उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक अशा मंडळींनी मिळून एकाच वेळी दीडशे मर्सिडीझ गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला. मुंबई-पुण्याच्या माणसाच्या लेखी मराठवाडा म्हणजे दुष्काळ, टँकर आणि अनुशेष. त्या नजरेला दिलेले ते उत्तर होते, आणि त्या दिवशी मलाही, जालन्यासारख्या गावात बसून, छाती थोडी फुगल्यासारखी वाटली होती हे मी नाकारत नाही. पण उत्तर देणाऱ्याला प्रश्न विचारणाऱ्याची भाषा वापरावी लागते, ही त्यातली मेख. तू मागासलेला आहेस, असे कोणी म्हटले, तर आम्ही आमची ग्रंथालये, आमच्या शाळा, आमची रुग्णालये दाखवली नाहीत. त्याच्याच दारात उभी असते ती गाडी दाखवली, दीडशेने गुणून.

खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे त्या दीडशे गाड्यांची मुदत २०२५ च्या आसपास संपली. त्यातल्या किती आज पहिल्या मालकाकडे असतील? अशा गाड्यांचा प्रवास ठरलेला असतो. पहिला मालक तीन-चार वर्षांत नवी घेतो. दुसरा मालक हौशी असतो. तिसरा मालक म्हणजे आपण. पगार नियमित, पत चांगली, आणि आयुष्यात एकदा तरी वर बसून पाहण्याची इच्छा. नवी असताना पन्नास-साठ लाखांची गाडी दहा-अकरा लाखांत मिळते, म्हणजे एखाद्या साध्या नव्या गाडीच्या भावात. हिशेब इतका सरळ दिसतो, की न घेणाराच मूर्ख ठरावा.

माझी गाडी २०१३ ची, दिल्ली पासिंगची, डिझेलवर चालणारी होती. दिल्ली पासिंग या शब्दांतच स्वस्ताईचे कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये तिला काही सवलती मिळाल्या, पण मधल्या वर्षांत दहा वर्षांच्या उंबरठ्यावर आलेली प्रत्येक डिझेल गाडी तेथून बाहेर काढण्याची घाई मालकांना होती. ना हरकत प्रमाणपत्र घेऊन या गाड्या आपल्याकडे येतात. एजंट सांगतो : "सर, गाडीत काही नाही, तिकडचा कायदाच तसा आहे." हे खरेच असते. गाडीत तेव्हा खरोखर काही नसते. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर तिची येथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि कर भरावा लागतो, हे मात्र तो पैसे मोजून झाल्यावर सांगतो.

२०२१ मध्ये मी ती साडेअकरा लाखांना घेतली. चार वर्षांत ती ३१ हजार किलोमीटर चालली. पुढचे हवेचे सस्पेन्शन बसले, त्याचा कॉम्प्रेसर आणि फुगे मिळून १ लाख ८५ हजार. गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारा भाग गेला, २ लाख ४० हजार. चार टायर ९२ हजार. जाफराबाद रस्त्यावर एक वासरू आडवे आले, ते वाचले, एक हेडलाइट गेला : १ लाख १० हजार. चार वार्षिक सर्व्हिसिंगचे मिळून १ लाख ५३ हजार. एकूण ७ लाख ८० हजार. विकताना आले सव्वाचार लाख, म्हणजे किमतीतली घट सव्वासात लाख. दोन्ही मिळून १५ लाख ५ हजार. किलोमीटरमागे साडेअठ्ठेचाळीस रुपये. यात डिझेल नाही, विमा नाही, आणि प्रत्येक वेळी साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या वर्कशॉपला दिलेली रजा नाही. त्याच काळात मी दोन-तीनदा इनोव्हा भाड्याने घेतली (अर्थात आलिशान गाडी वर्कशॉपला असल्यामुळे). तिचा दर किलोमीटरला सोळा रुपये होता, डिझेल आणि चालक धरून.

या आकड्यांमागचे तत्त्व मला फार उशिरा कळले. ते इतके साधे आहे की लिहायला संकोच वाटतो. जुन्या गाडीची किंमत जुनी होते. तिच्या भागांची किंमत जुनी होत नाही. साठ लाखांची गाडी आपण अकरा लाखांना घेतली ही आपली आणि विकणाऱ्याची आपसातली गोष्ट. वर्कशॉपच्या काउंटरला ती माहीत नसते. त्याच्या लेखी ती साठ लाखांचीच गाडी असते, आणि आपण साठ लाखांच्या गाडीचे मालक.

विमा कंपनीला मात्र ती गोष्ट पक्की माहीत असते. विम्यातील गाडीचे मूल्य दरवर्षी उतरते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात, दहा वर्षांपुढे ५० टक्के. रबर-प्लास्टिकच्या भागांवर तर गाडीचे वय न पाहता निम्मे. हेडलाइट, बंपर, आतला सगळा साज, आजच्या गाडीत प्लास्टिकचे काय नसते? शिवाय दुरुस्तीचा खर्च विम्यातील मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी पूर्ण नुकसानीत काढतात. नऊ लाखांच्या विम्याच्या गाडीत साठ लाखांच्या गाडीचे भाग टाकायचे, तर ही रेषा एका मध्यम अपघातात ओलांडली जाते. म्हणजे वर्कशॉपसाठी ती नवी, विम्यासाठी ती जुनी, आणि मधल्या खड्ड्यात मालक.

आता सहकाऱ्यांच्या बाजूने जे बोलले जाते त्याकडे वळतो. पहिला मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर म्हणून मांडला जातो. "घरच्यांचा जीव महत्त्वाचा, सर. वजनदार गाडी, आठ एअरबॅगा." मान्य. पण माझ्या गाडीत एअरबॅगचा लाल दिवा सात महिने जळत होता. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी 'पुढच्या पगाराला पाहू' म्हणत राहिलो, आणि त्या सात महिन्यांत माझी मुले मागच्या सीटवर बसून समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाऊन आली. हे लिहिताना मला लाज वाटते, म्हणून ते लिहितो आहे. दुरुस्त ठेवण्याची ऐपत नसलेल्या गाडीची सुरक्षितता फक्त कंपनीच्या माहितीपत्रकात असते. पंचला ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले आहेत. तिच्यात एअरबॅगा दोनच आहेत. पण दोन्ही उघडतील याची मला खात्री आहे.

दुसरा मुद्दा 'रोड प्रेझेन्स'चा. वर्तमानपत्रांच्या वाहन-पुरवण्यांनी आणि चित्रफितींतून गाड्यांची परीक्षणे करणाऱ्या तरुणांनी हा शब्द आपल्याकडे आणला. ती परीक्षणे वाङ्मयीन परीक्षणांसारखीच विशेषणांवर चालतात : दमदार, रुबाबदार, आक्रमक, पिळदार. 'रोड प्रेझेन्स'चे मराठी भाषांतर मला अजून कोणी सांगितले नाही. मी करून पाहिले, तर 'दरारा' एवढेच हाती आले. आपल्या ग्रामीण कथेत जीप आली की पारावरची माणसे उठून उभी राहतात; आत साहेब असतो किंवा चेअरमन असतो. महिंद्रांनी १९४७ पासून येथे जीप जुळवायला सुरुवात केली, त्यानंतरच्या तीन पिढ्यांत उंच गाडी म्हणजे सत्ता हे समीकरण आपल्या मनात रुजले. नाशिकला तयार झालेली स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली तेव्हा ते समीकरण तालुक्या-तालुक्यात पोचले. टोलनाक्यावर, ढाब्यावर, पंचायत समितीच्या दारात उंच गाडीतल्या माणसाला आधी विचारतात, हे खरे आहे. मीही ते अनुभवले आहे, आणि ते आवडले आहे. परंतु ज्याने आयुष्यभर 'दलित साहित्य' आणि 'ग्रामीण साहित्य' हे पेपर शिकवले, त्याने पारावरच्या माणसांना उठवणाऱ्या बाजूला बसण्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढावे, यात काही विपरीत आहे असे आम्हांपैकी कोणालाच का वाटू नये?

'एसयूव्ही' या नावाचीही एक गंमत आहे. वस्तू-सेवा करात मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के कर अधिक २२ टक्के उपकर होता. त्यासाठी चार अटी होत्या : लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सी.सी.च्या वर, जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर, आणि चौथी अट म्हणजे ती गाडी लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जात असली पाहिजे! कायद्याने लोकरूढीला असा मान दिलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. अर्थात कंपन्या गाडीला दुसरे काही म्हणू लागल्या तर काय, हा प्रश्न आलाच, आणि जुलै २०२३ मध्ये परिषदेने ठरवले की नाव काहीही असो, मापे जुळली की कर लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला. मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के आणि छोट्यांवर १८ टक्के राहिले. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन १२०० सी.सी.पर्यंत, डिझेलचे १५०० सी.सी.पर्यंत. या कसोटीवर माझी पंच छोटी गाडी ठरते. तिची कंपनी मात्र तिला एसयूव्हीच म्हणते. तेव्हा मित्रांच्या हिशेबाने मी एका एसयूव्हीतून दुसऱ्या एसयूव्हीत गेलो आहे. नामरूपाचा हा खेळ पाहिला की 'वर' आणि 'खाली' हे शब्द किती भुसभुशीत जमिनीवर उभे आहेत ते कळते.

बदली गाडी निवडताना प्रश्न कसा विचारायचा, यावर सगळे अवलंबून असते. "एवढ्याच पैशांत तसलीच, पण थोडी नवी कोणती मिळेल?" हा पहिला प्रश्न मीही विचारला. त्याचे उत्तर बाजारात नेहमी तयार असते : २०१६ ची दुसरी जर्मन, किंवा दहा वर्षांची फॉर्च्युनर. फॉर्च्युनरचे भाग परवडतात आणि ती टिकते, हे खरे. पण म्हणूनच तिची किंमत उतरत नाही, आणि जुनी फॉर्च्युनर नव्या छोट्या गाडीहून महाग पडते. ज्याचे शेत काळ्या रानात आहे, पावसाळ्यात ज्याला चिखलातून खतांच्या गोणी न्यायच्या आहेत, त्याने बोलेरो-स्कॉर्पिओ घ्यावी. ते त्याचे अवजार आहे, आणि अवजारावर टीका करणारा मी कोण? माझे घर ते महाविद्यालय अंतर चार किलोमीटर आहे. चार किलोमीटरच्या धावेत डिझेल गाडीचा काजळी धरणारा फिल्टर कधी नीट तापतच नाही, तुंबतो. म्हणजे माझ्या नेमक्या गरजेलाच ती गाडी नालायक होती.

दुसरा प्रश्न माझ्या आईने विचारला. खरे तर तिने काही विचारले नाही. तिचे गुडघे गेलेले आहेत, वय ७६. ती गाडी मी "आईला आरामात नेता येईल" असे सांगून घेतली होती. त्या उंच गाडीत तिला चढता येत नसे. म्हणून डिकीत एक निळे प्लास्टिकचे स्टूल ठेवलेले असे. रुग्णालयाच्या दारात ते काढायचे, एकाने धरायचे, दुसऱ्याने आईला धरायचे. उतरताना तर ती डोळे मिटून घेई. चार वर्षे आम्ही हे केले, आणि चार वर्षांत एकदाही मला असे वाटले नाही की चूक स्टुलाची नाही, गाडीची आहे. नंतर गाड्या पाहायला मी आईला बरोबर नेले. जुन्या बाजारात गाड्या पाहायला आई येते याचे विक्रेत्यांना नवल वाटे. खाली बसकी सेडान तिला विहिरीत उतरल्यासारखी वाटली. पंचचे दार काटकोनात उघडते, आणि आसन साधारण घरातल्या बाकाच्या उंचीचे आहे. ती पाठमोरी टेकली, पाय आत घेतले, आणि म्हणाली, "झालं." बाकी सगळी तुलनात्मक कोष्टके मी नंतर केली.

ती केली हेही सांगतो, कारण केवळ भावनेवर गाडी घेऊ नये. एप्रिल २०२३ नंतरची पेट्रोल गाडी पाहावी, कारण आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल, आणि त्याला टिकणारे भाग त्या तारखेपासून सक्तीचे झाले. उसाच्या राज्यात राहून हे विसरून चालणार नाही. गाडी पाहण्याआधी तिच्या भागांचे भाव विचारावेत : एक हेडलाइट, पुढचा बंपर, चार टायर, क्लच किंवा गिअरबॉक्स. हे चार आकडे एका महिन्याच्या पगारात बसले नाहीत तर गाडी पाहायला जाऊच नये, कारण पाहिली की मोह होतो. आणि गावात जो मेकॅनिक ती खोलू शकतो त्याचे नाव माहीत असावे. पंच मला ६ लाख ६० हजारांना मिळाली. जुनीचे सव्वाचार लाख आले होते, वर दोन लाख पस्तीस हजार घातले. कर्ज नाही.

येथे आमच्या दुसऱ्या एका गोटाला आनंद होईल, म्हणून त्यांच्याशीही भांडून घेतो. साहित्याच्या माणसाने गाडीच कशाला घ्यावी, एस.टी.ने जावे, साधे राहावे, असे म्हणणारा हा गोट. यांतले बहुतेक जण पुण्यात मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. रात्री अकराला आईचा रक्तदाब वाढला तर जालन्याहून संभाजीनगरला एस.टी.ने जाता येत नाही. साधेपणाचीही एक शान असते, आणि तीही दाखवण्यासाठीच असते. खादीला इस्त्री करणारे आपण पाहिले आहेत. मला आरामाचा तिटकारा नाही. त्या जर्मन गाडीचे मौन मला आजही आठवते. समृद्धीवर ताशी १२० ला ती अशी चाले की मागच्या सीटवरचा श्वास ऐकू यावा, आणि कुमारांचा भैरव त्या शांततेत लावला की गाडी थांबवू नयेसे वाटे. पंचमध्ये ताशी शंभरला वारा ऐकू येतो, आणि तानेच्या मध्येच टायर बोलतात. हे नुकसान खरे आहे. ते मी भोगतो आहे, आणि ते नाकारून माझा युक्तिवाद मला सजवायचा नाही. परंतु त्या शांततेत मी एक कान सतत गिअरबॉक्सकडे लावून बसत असे, हेही तितकेच खरे.

या सगळ्या चर्चेच्या वेळी स्टाफरूमच्या कोपऱ्यात आमच्या विभागातील तासिका तत्त्वावरचे दोघे तरुण अध्यापक बसले होते. दोघेही नेट उत्तीर्ण, एकाची पीएच.डी. झालेली. एक अंबडहून एस.टी.ने येतो. 'वर' आणि 'खाली' हे शब्द आम्ही मोठ्याने उच्चारत असताना ते उत्तरपत्रिका तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आता मित्रांची गोष्ट. त्यांनी २०१६ ची एक दिल्ली पासिंगची गाडी पाहून ठेवली आहे. साडेबारा लाख सांगतात, बारापर्यंत येतील. साडेतीन लाख त्यांच्याकडे आहेत. उरलेल्यासाठी सेवकांच्या पतसंस्थेकडे अर्ज केला आहे, आणि जामीनदार म्हणून माझे नाव घातले आहे. म्हणजे माझ्या उतरण्याची कीव करणाऱ्या मित्राला वर चढण्यासाठी माझ्याच खांद्याची गरज आहे. यात मला विनोद दिसतो, पण हसू येत नाही, कारण त्यांची मुलगी यंदा बारावीला आहे आणि पुढच्या वर्षी तिची फी भरायची आहे, हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही.

अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. सही करणार नाही असे मी म्हटलेले नाही. संभाजीनगरच्या स्पेअर पार्टच्या काउंटरचा फोन क्रमांक आणि वर लिहिलेल्या चार भागांची यादी एका कागदावर लिहून मी त्यांना दिली, आणि सांगितले, "सर, हे चार आकडे मला आणून दाखवा, मी लगेच सही करतो." त्याला आज नऊ दिवस झाले. काल ते वाहनतळावर भेटले, पंचच्या टपावर हात ठेवून थोडा वेळ बोलले. परीक्षांच्या वेळापत्रकाविषयी. कागद त्यांच्या शर्टाच्या खिशात तसाच घडी घातलेला होता.